दोन वाजून पंधरा मिनिटांची कबुतरं

१

दोन वाजून पंधरा मिनिटांनी कबुतरं गच्चीवर उतरली आणि त्यांच्या पाठीवरच्या दोन्ही नळ्या रिकाम्या निघाल्या.

ही गोष्ट शोवा सत्ताविसाव्या वर्षाच्या, म्हणजे १९५२च्या, ऑक्टोबरातली. युद्ध संपून सात वर्षं झाली होती, ओसाकात निम्म्या घरांवर अजून पत्रेच होते आणि आमच्या ‘योदो प्रभात’ची पाच मजली इमारत त्या पत्र्यांमध्ये मोठ्या ऐटीत उभी होती. मी तिथे लघुलेखिका होते. परगावचे बातमीदार फोनवर बातमी सांगत, ती मी भराभर चिन्हांत उतरवून घ्यायची आणि प्रत्येक कागदाच्या डोक्यावर घड्याळात बघून वेळ टाकायची. ती सवय अजून सुटलेली नाही. सुनेचा फोन आला तरी मी आधी वेळ लिहिते आणि सून तोंडाला पदर लावून, म्हणजे आमच्याकडे तळहात लावून, हसते.

आजच्या पोरांना सांगितलं की आमच्या वेळी फोटो कबुतरं आणायची, तर म्हातारीला चळ लागला असंच त्यांना वाटतं. पण खरंच आणायची. छायाचित्रकार आगगाडीने जाताना वेताच्या पेटीत दोन कबुतरं घेऊन जायचा. फोटो काढले की फिल्मची गुंडाळी दोन ॲल्युमिनियमच्या नळ्यांत घालायची, नळ्या पाखरांच्या पाठीवर बांधायच्या, पायाला चिठ्ठी अडकवायची आणि द्यायचं सोडून. चिठ्ठीवर गाव आणि सोडल्याची वेळ. कबुतरं नेहमी दोनच, कारण एखाद्याला वाटेत ससाण्याने गाठलं तर दुसरं तरी घरी येतं.

त्या बुधवारी नागोयाच्या बंदरात एक मोठं जहाज पाण्यात उतरायचं होतं. आमचा सेगावा पहाटेच्या गाडीने पेटी घेऊन गेला होता. समारंभ साडेअकराला संपणार, संध्याकाळच्या अंकाचं पहिलं पान अडीचपर्यंत थांबणार, आणि त्या पानाच्या मधोमध फोटोसाठी चौकोनी भोक ठेवलेलं.

सव्वादोनच्या पुढे पाचेक मिनिटांनी जिन्यावरून कामेदा-काका धावत खाली आला. साठीचा माणूस, वर्षानुवर्षं गच्चीवर कबुतरं सांभाळणारा. कामे म्हणजे कासव, त्यामुळे नाव कासवाचं आणि धंदा पाखरांचा, असं सगळे त्याला चिडवायचे. त्या दिवशी कोणी चिडवलं नाही. त्याने दोन्ही नळ्या आणि चिठ्ठी संपादक निशिवाकींच्या टेबलावर ठेवली आणि हात मागे घेतले.

“झाकणं उघडी होती,” तो म्हणाला. “दोन्हींची. आत काही नाही.”

निशिवाकींनी चिठ्ठी वाचली. ‘नागोया. ११:४०. दोन पक्षी. सेगावा.’ मग त्यांनी एक नळी उलटी करून टेबलावर आपटली, जणू फिल्म लाजून आत बसली होती.

“एक झाकण उडालं तर अपघात,” ते सावकाश म्हणाले. “दोन उडाली तर त्यात माणसाचा हात आहे. आणि कामेदा-सान, पाखरं आली तेव्हा गच्चीवर तुमच्याशिवाय कोण होतं?”

काकाने इकडे तिकडे पाहिलं आणि मान खाली घातली. “कोणी नाही.”

२

काकावर संशय का, ते सांगायला हवं. महिनाभरापूर्वीच त्याला कळवलं होतं की नव्या वर्षात तारेने फोटो पाठवायचं यंत्र येणार आणि कबुतरखाना बंद होणार. वैतागलेला म्हातारा, गच्चीवर एकटा, त्याच्या हातात रिकाम्या नळ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी इतर सगळ्या वर्तमानपत्रांत जहाजाचा झकास फोटो आणि आमच्याकडे नुसता मजकूर. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला माणसांना एवढं पुरतं.

निशिवाकींनी निर्णय दिला. शनिवारी संध्याकाळपर्यंत खुलासा झाला नाही तर कामेदा कामावरून कमी, आणि कबुतरखाना नव्या वर्षाची वाट न पाहता रविवारीच रिकामा. पाखरं कोण नेणार हे त्यांनी सांगितलं नाही. पण शहरात तेव्हा मांसाची टंचाई होती आणि आम्ही कोणी दूधखुळे नव्हतो.

काका राहायचाही गच्चीवरच, कबुतरखान्याला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत. युद्धाच्या शेवटच्या वर्षी मार्चमधल्या बाँबहल्ल्यात त्याचं घर आणि घरातली तिन्ही माणसं गेली होती. पाखरं तेवढी परत आली, ह्याच गच्चीवर येऊन बसली, आणि तेव्हापासून तो त्यांना सोडून कुठे गेला नाही. त्याला कमी करायचं म्हणजे नुसतं नोकरीवरून काढायचं असं नव्हतं. त्याच्या दुनियेतूनच त्याला काढायचं होतं.

मला राहवेना. मी मुद्रितशोधन विभागात उजिहारा-सानकडे गेले.

उजिहारा-सान म्हणजे आमच्या मुद्रितशोधकांचे प्रमुख. बाटलीच्या बुडासारखा चष्मा, कानावर लाल पेन्सिल आणि स्वभाव असा की स्वतःच्या बायकोने ‘जेवण तयार आहे’ म्हटलं तरी हे उठून खात्री करणार. छापायला आलेला प्रत्येक आकडा त्यांच्या लेखी गुन्हेगार होता. एकदा मंत्र्याचं वय चुकीचं आलं म्हणून त्यांनी मंत्र्यालाच फोन लावला होता.

“ओकिता-सान, माझं काम छापलेल्या चुका पकडण्याचं,” ते बार्लीचा चहा फुंकत म्हणाले. “माणसांच्या चुका पकडायला पोलीस आहेत.”

“मग छापलेलीच पकडा की. सबंध प्रकरणात लिहिलेलं असं काय आहे? ती एक चिठ्ठी. ती तरी तुम्ही तपासली आहे का?”

हे वर्मी लागलं. न तपासलेला मजकूर घरात आहे म्हटल्यावर त्यांना चहा गोड लागेना. त्यांनी कप ठेवला, पेन्सिल चाचपली आणि जिन्याकडे निघाले.

३

गच्चीवर काका दाणे निवडत बसला होता. उजिहारांनी त्याला धीर वगैरे दिला नाही. थेट विचारलं, “नागोयाहून पाखराला किती वेळ लागतो?”

“वारा नसला तर दोन तासांच्या जरा आतच. ही जोडी घड्याळासारखी आहे. तासाला सत्तर किलोमीटर, फार तर दोन-चार मिनिटं इकडे तिकडे.”

“परवा वारा होता?”

“झाडाचं पान हललं नाही. मी पावणेदोनच्या आधीपासून पूर्वेकडे तोंड करून उभा होतो. वाटलं, ससाण्याने दोघांनाही नेलं.” त्याने एक खडा वेचून बाजूला टाकला. “मग आली. दोघं बरोबरच.”

“आल्यावर काय केलं त्यांनी?”

काका हसला. दोन दिवसांत पहिल्यांदा. “काय करणार? दाण्यावर तुटून पडली. एरवी लांबून आली की आधी पाण्यात चोच बुडवतात, गळ्यापर्यंत पितात. परवा पाण्याकडे बघितलंदेखील नाही. म्हटलं, वाटेत कुठे ओढ्यावर उतरली असतील, म्हणून उशीर.”

उजिहारांनी वहीत काहीतरी लिहिलं. “आणि गच्चीवर खरंच कोणी नव्हतं?”

काका मूठभर दाणे पुन्हा पुन्हा निवडत राहिला. मी कठड्याजवळ उभी होते, आणि माझ्या पायाशी सिगारेटची तीन थोटकं पडली होती. परदेशी, सोनेरी पट्टीची. काका आयुष्यात कधी ओढत नव्हता, आणि अख्ख्या इमारतीत ती महागडी सिगारेट एकच माणूस ओढायचा.

४

तोमिनागा. तारेच्या नव्या फोटोयंत्राचा होणारा प्रमुख. कबुतरं जितकी लवकर बदनाम होतील तितकं त्याला बरं, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. आम्ही दोघं त्याच्या खोलीत गेलो तेव्हा तो यंत्राच्या चित्राला इस्त्री केल्यासारखा हात फिरवत होता.

“हो, होतो मी गच्चीवर,” थोटकं समोर ठेवल्यावर तो म्हणाला. “मग?”

“मग सांगितलं का नाहीत?” मी म्हटलं. “तिकडे काकाची पाचावर धारण बसली आहे.”

“कारण मला कोणी विचारलं नाही. आणि विचारलं असतं तर म्हणाले असते, तोमिनागानेच चोरली.” तो गोरामोरा झाला. “मी दोन वाजल्यापासून तिथे होतो. कामेदा-सान येरझारा घालत होते. मी त्यांना म्हटलं, जानेवारीत माझं यंत्र आलं की हा जीवघेणा प्रकार संपेल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं... मला माझीच लाज वाटली. तेवढ्यात पाखरं आली.”

“तुम्ही ती उतरताना पाहिलीत?”

“उतरताना काय, कामेदा-सान त्यांना हात लावायच्या आधी पाहिलं. मी जवळ उभा होतो. झाकणं आधीच लोंबत होती.”

म्हणजे काका निर्दोष असल्याचा साक्षीदार घरात होता, आणि काकानेच त्याचं नाव घेतलं नव्हतं. तोमिनागावर आळ येईल म्हणून! स्वतःच्या गळ्याशी आलं असताना ज्याच्यामुळे आपला संसार उठणार त्या माणसाला झाकणारा असा म्हातारा मी पुन्हा पाहिला नाही.

“तुम्ही हे निशिवाकी-सानना सांगा,” मी म्हटलं.

“सांगतो. पण ते विचारतील, मग फिल्म गेली कुठे? एकाच दिवशी दोन झाकणं आकाशात उघडली? माझा तरी विश्वास बसेल का?”

जिना उतरताना उजिहारा पुटपुटले, “गच्चीवर उघडली नाहीत. आकाशात उघडत नाहीत. मग तिसरी जागा एकच उरते.”

ती जागा कोणती हे मला कळलं, आणि मला ते नको होतं. कारण सेगावा मला आवडायचा.

५

सगळ्यांनाच आवडायचा म्हणा. चौतीस-पस्तिशीचा विधुर, बोलका, पायाला भिंगरी. देशातलं रेल्वेचं वेळापत्रक त्याला तोंडपाठ होतं. पैज लावून आम्ही कुठलंही स्टेशन विचारायचो आणि तो गाडी, फलाट, किलोमीटर सगळं घडाघडा सांगायचा. एरवी त्याचं काम क्योतो, कोबे असं जवळपास चाले. नागोयाला पाखरं घेऊन तो पहिल्यांदाच गेला होता.

“सेगावा-कुन, चिठ्ठी तुझ्याच अक्षरातली ना?” उजिहारांनी धाकट्याला लावतात तसं ‘कुन’ लावून विचारलं.

“माझ्याच. साडेअकराला जहाज पाण्यात, अकरा-चाळीसला पाखरं हवेत.” तो कॅमेरा पुसत होता आणि पुसलेलीच काच पुन्हा पुसत होता. “झाकणं मी नीट लावली होती. काकाचा काही दोष नसणार, जुनी झाली आहेत ती. मी निशिवाकी-सानना तसं म्हणालोही.”

“पाखरांना वेळ फार लागला, नाही?”

“फार कुठे? नागोया म्हणजे एकशे नव्वद किलोमीटर. तासाला सत्तरने पावणेतीन तास धरा. उलट जरा लवकरच आली.”

उजिहारांचा चहाचा कप तोंडाशी थांबला. त्यांनी तो खाली ठेवला.

माझं लक्ष दुसरीकडे होतं. बुधवारी संध्याकाळी सेगावा परत आला तेव्हा त्याच्या पँटच्या मोहरीला पांढरी भुकटी लागलेली मी पाहिली होती आणि म्हटलंही होतं, “काय हो, पिठाच्या गिरणीत गेला होतात का?” तो दचकून मोहरी झटकत म्हणाला होता, “गोदीतलं सिमेंट.” आता मी त्याच्याकडे बघितलं तर त्याने नजर चुकवली. हसऱ्या माणसाची चुकवलेली नजर फार वाईट दिसते.

बाहेर आल्यावर मी उजिहारांना भुकटीबद्दल सांगितलं. ते मला त्यांच्या टेबलापाशी घेऊन गेले, भिंतीवरचा मोठा नकाशा खाली काढला आणि बायकोने बटणं लावायला दिलेला दोरा खिशातून काढला.

“दोन वर्षांपूर्वी एका लेखात नागोया-ओसाका अंतर एकशे नव्वद छापायला आलं होतं, तेही पाखरांच्या संदर्भात,” ते म्हणाले. “मी ते कापलं होतं. हे बघा.”

त्यांनी दोरा नागोयावरून ताणून ओसाकावर धरला आणि पट्टीवर मोजला. एकशे पस्तीस.

“एकशे नव्वद हे रुळांचं अंतर. गाडी आधी वर माइबाराला जाते, मग तलावाच्या काठाने वळसा घेऊन खाली येते. पण पाखरू डोंगरावरून सरळ येतं. ते काही तिकीट काढून बसत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे नागोयाहून अकरा-चाळीसला निघालेलं पाखरू एक-पस्तीसच्या सुमाराला इथे यायला हवं. कामेदा त्याच वेळी आभाळाकडे डोळे लावून उभा होता. पण ज्याने खोटं रचलं त्याने हिशेब वेळापत्रकावरून मांडला. त्याच्या मते पाखरं दोन-तेवीसला यायला हवी होती. आली दोन-पंधराला. त्याने पाखरं ठरवून त्या वेळेला पोहोचवली, ओकिता-सान. कुठल्यातरी जवळच्या स्टेशनाबाहेरून, तिथलंही अंतर रुळांनीच मोजून. म्हणून आठ मिनिटं आधी पोहोचली. म्हणून त्यांना तहानही नव्हती.”

मी नकाशावर वाकले. “तो नागोयाला गेलाच नाही.”

“तुमचा बातमीदार काय म्हणतो?”

नागोयाच्या बातमीदाराला मी फोन लावला. तो म्हणाला, “सेगावा? मला तर गर्दीत दिसला नाही. मला वाटलं, तो क्रेनवर चढला असेल.”

उजिहारांनी नकाशावर तलावाकाठच्या स्टेशनांवरून पेन्सिल फिरवली. “कुसात्सूपासून ओमि-हाचिमानपर्यंत कुठेतरी. आठ मिनिटं एवढंच सांगतात. त्यापुढे आकडे मुके आहेत. पांढरी भुकटी, ऑक्टोबर, सकाळ. काय सुचतं?”

मला सुचलं. ज्याला शाळेत जाणारं पोर आहे किंवा जो कधी शाळेत गेला आहे अशा कोणालाही ऑक्टोबरात ते सुचेल. शाळेचं मैदान, त्यावर चुन्याने आखलेल्या पट्ट्या, दर ऑक्टोबरात होणाऱ्या पळण्याच्या शर्यती. पण सेगावाला मूल नव्हतं. निदान आम्हाला तरी तसंच माहीत होतं.

६

शनिवारी दुपारी उजिहारांनी सेगावाला गच्चीवर बोलावलं. मी होते, काका होता. निशिवाकींना त्यांनी मुद्दाम बोलावलं नव्हतं.

उजिहारांनी आरोप केला नाही, आवाज चढवला नाही. खिशातून ती चिठ्ठी काढली, कठड्यावर पसरली आणि कानावरची लाल पेन्सिल सेगावासमोर धरली.

“ह्या मजकुरात दोन चुका आहेत,” ते म्हणाले. “गाव आणि वेळ. लेखकाने स्वतः दुरुस्त्या केलेल्या बऱ्या, असा आमच्या विभागाचा नियम आहे.”

सेगावाने ती घेतली. ‘नागोया’वर रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘ओमि-हाचिमान’. ‘११:४०’वर रेघ मारली आणि लिहिलं, ‘१:१३’.

मग तो तिथेच गुडघ्यांवर बसला आणि कपाळ सिमेंटला टेकवलं.

त्याची बायको शरणागतीच्या वर्षी हिवाळ्यात क्षयाने गेली. मुलगी तेव्हा वर्षाची. घरात अन्न नाही, हा अजून सैन्यातून सुटलेला नाही. बायकोच्या थोरल्या भावाने मुलगी दत्तक घेतली, एकाच अटीवर. पोरगी मोठी होईपर्यंत बापाने तिच्यासमोर यायचं नाही. चिसातो आता आठ वर्षांची होती आणि मामालाच बाप म्हणत होती. सात वर्षं ह्याने शब्द पाळला.

“शाळेच्या शर्यती त्याच दिवशी आहेत असं कळलं,” तो खाली बघतच बोलत होता. “दोन गाड्यांच्या मध्ये चाळीस मिनिटं मिळत होती. म्हटलं, कुंपणाबाहेरून बघून पुढची गाडी धरीन. अकराच्या आत नागोयाला पोहोचलो असतो. पण दुसरीच्या मुलींची शर्यत जेवणानंतर ढकलली. गाडी आली. मी स्टेशनापर्यंत पळत गेलो, आणि परत पळत आलो.”

“पळाली का ती?” काकाने विचारलं.

“पळाली. तिसरी आली. तिच्या आईसारखी कोपर बाहेर काढून पळते.”

“फोटो काढलास?”

“एकच. धुतला नाही अजून. हिंमत झाली नाही.”

काका उठला. मला वाटलं होतं तो आता त्याच्या पाठीवर हात ठेवेल. म्हाताऱ्या माणसांनी क्षमा करावी अशी आपली उगाच अपेक्षा असते. पण काकाचा चेहरा लालबुंद झाला होता.

“चाळीस मिनिटं मी इथे उभा होतो. चाळीस मिनिटं! माझी पाखरं मेली असं समजून. माझ्यावर आळ आला त्याचं मला काही नाही. माझं जायचं ते सगळं आधीच गेलंय. पण तुझ्या खोटेपणाने मला माझ्या पाखरांवर शंका आली. वाटलं, म्हातारी झाली, रस्ता चुकली, आता ह्यांना कोण ठेवणार. तीन दिवस तू खाली चहा पीत बसलास आणि मी इथे त्यांचे निरोप घेत होतो.”

“उद्या सांगतो, उद्या सांगतो म्हणत...”

“फोटो धुऊन घे,” काका म्हणाला. “बापाने काढलेला आहे, फुकट घालवू नकोस. आणि मला पुन्हा तोंड दाखवू नकोस.”

सेगावा उठला, पँट न झटकताच जिना उतरला आणि थेट निशिवाकींच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला. आम्ही मागोमाग गेलो. मला वाटलं, आता मुलीचं नाव निघणार, उद्या अख्ख्या ओसाकात ते होईल आणि त्या पोरीच्या गावी पोहोचायला दोन दिवससुद्धा लागणार नाहीत.

“मी नागोयाला गेलोच नाही,” सेगावा म्हणाला. “गाडीत झोप लागली. ओमि-हाचिमानला जाग आली तेव्हा दुपार झाली होती. घाबरून रिकाम्या नळ्या लावून पाखरं सोडली. कामेदा-सानांचा काडीइतका संबंध नाही.”

ओमि-हाचिमानला झोपलेला माणूस चार तास त्याच स्टेशनात कसा राहील? गाडी काय त्याच्यासाठी थांबली होती? शाळकरी मुलालाही ही चूक दिसली असती. मी उजिहारांकडे पाहिलं. आयुष्यात एक चुकीचा स्वल्पविराम न सोडलेला माणूस. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि पुसतच राहिले.

“उजिहारा-सान, हे बरोबर आहे?” निशिवाकींनी विचारलं.

“तपासलं आहे,” उजिहारा म्हणाले. “जाऊ द्या छापायला.”

सेगावाने त्याच दिवशी नोकरी सोडली. पुढे तो क्यूशूत कुठल्याशा फोटो स्टुडिओत लागला असं ऐकलं. मी त्याला पत्र लिहीन लिहीन म्हणत राहिले आणि लिहिलं नाही. त्याचं वाईट मला आजही वाटतं.

७

निशिवाकी कडक होते, पण दिलदार. सोमवारी सकाळी सगळ्या विभागांना उभं करून त्यांनी कामेदा-काकासमोर कंबरेत वाकून माफी मागितली. मग विचारलं, “कामेदा-सान, तुम्हाला काय हवं ते सांगा. नवं यंत्र मात्र येणारच, ते माझ्या हातात नाही.”

काका टोपी हातात घेऊन उभा होता. म्हणाला, “यंत्र येऊ द्या. मी नवं पाखरू आणणार नाही. पण आहेत ती दुसरीकडे नेता येत नाहीत. पेटीत घालून कुठेही नेऊन सोडा, ती ह्याच गच्चीवर येणार. इथे जागा नसली तर आभाळात घिरट्या घालत बसतील. शेवटचं मरेपर्यंत तेवढा कबुतरखाना राहू दे.”

निशिवाकी म्हणाले, राहू दे. आणि तोमिनागाने, हो, तोमिनागानेच, पहिल्यांदा टाळी वाजवली.

बावीस पाखरं होती. यंत्र आलं, बातम्यांचं काम गेलं, पण काका रोज सकाळी त्यांना उडवायचा आणि संध्याकाळी मोजून आत घ्यायचा. मी कधीतरी डबा घेऊन वर जायची. तोमिनागा सिगारेट ओढायला यायचा आणि दाणे टाकून जायचा. उजिहारा निवृत्त झाले, मग वारले. माझं लग्न झालं, मुलगा झाला. वर दरवर्षी दोन-तीन पाखरं कमी व्हायची. त्याची बातमी कोणी दिली नाही आणि कोणी मागितली नाही. ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत बरे होते हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

शोवा अडतिसाव्या वर्षी, एप्रिलमध्ये, एका सकाळी लघुलेखन विभागाचं दार उघडलं. कामेदा-काका इतक्या वर्षांत आमच्या खोलीत कधी आला नव्हता. तो उंबऱ्याच्या बाहेरच थांबला. अंगात स्वच्छ सदरा, एका हातात टोपी, दुसऱ्या हातात चौकोनी कापडात बांधलेलं छोटंसं गाठोडं.

“शेवटचं आज पहाटे गेलं,” तो म्हणाला. “साहेबांना दिलेला शब्द पुरा झाला. खोली झाडून ठेवली आहे.”

तेवढ्यात फोन वाजू लागला. माझ्या हातात पेन्सिल होती.

“ओकिता-सान,” तो हळूच म्हणाला, जसा एखादा माणूस रस्ता विचारतो तसा. “आता मी कुठे जाऊ?”

फोन वाजतच राहिला. मी कामाच्या वेळात खुर्ची सोडून उठले, त्याच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि त्याला आमच्या घरी घेऊन आले. आमच्याकडेच राहणाऱ्या माझ्या आईने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि जेवणाच्या टेबलावर पाचवा वाडगा मांडला.